दोन वेण्या

"हात डोक्यावर ने बघू," डॉक्टर म्हणाले. जिल्ह्यात भालाफेकीत पहिल्या आलेल्या तेरा वर्षांच्या कस्तुरीचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाड जिथून वाढतं, तिथेच ते भाला फेकून फेकून सरकलंय. नुकतंच झालं असेल तर विश्रांतीने भरून येईल. जुनं असेल तर हाड वाकडंच वाढत जाणार, मग भाला विसरायचा. कधीपासून दुखतंय?"

कस्तुरीने शेजारी बसलेल्या हेमांगीताईकडे पाहिलं. भाला तिला या बहिणीनेच शिकवला होता. रोजच्या साठ फेकी, रविवारीही सुट्टी नाही. खांदा दुखतो म्हटलं की ताईचं उत्तर ठरलेलं असायचं, "दुखतंय म्हणजे ताकद येतेय."

"आठ दिवस झाले असतील," कस्तुरी म्हणाली.

ताईने मनातल्या मनात दिवस मोजले. दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी ही कंगवा घेऊन पुढ्यात येऊन बसली होती आणि तेव्हापासून रोज बसत होती. "हात मोडलेत का महाराणी, स्वतःच्या वेण्या घालायला?" असं खिजवत ताई रिबिनी बांधून द्यायची. कस्तुरी नुसती हसायची. आता होळी तोंडावर आली होती.

कस्तुरीने टेबलाखाली ताईचं बोट घट्ट धरलं. ताईने ते सोडवलं नाही.

"चार महिने झाले, डॉक्टर," ताई म्हणाली. "तिच्या वेण्या मी घालते."