चौकटीखालची लादी

“चौकट उपटावीच लागेल, काकू. खाली करवत शिरत नाय,” नवी लादी बसवणारा मिस्त्री म्हणाला. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी स्वतः घडवलेली, हळदकुंकू वाहून उभी केलेली सागवानी चौकट त्या कशी उपटू देणार? सून चंदाने मुरबाडहून आणलेलं मल्टीटूल, हातात मावणारं कापायचं यंत्र, काढलं. “दाढीचं मशीन काय, वयनी?” मिस्त्री हसला. चंदाने उंचीच्या मापासाठी लादीचा तुकडा चौकटीपाशी ठेवला, त्यावर पातं आडवं धरलं आणि बटण दाबलं. थरथरतं पातं लाकडात शिरलं; मग करकरलं. आत खिळा होता. “सांगत व्हतो ना?” “पातं बोथटलं, मी नाय,” म्हणत चंदाने लोखंडही कापणारं पातं चढवलं. खिळा तुटला, तळाचं लाकूड सुटलं. मिस्त्रीने सरकवलेली लादी चौकटीखाली अलगद गेली. केसाएवढीही फट नव्हती. सासूबाई मिस्त्रीवर गरजल्या, “मागच्या दाराला हात लावशील तो सुनेला इचारून!”