बिनशिक्क्याची मतं

"नूरुद्दीनभाईंच्या घरी आज कसला एवढा आनंद?" नूरजहाँनं लेकाला विचारलं.

सुनेच्या, एलिफच्या फोनमधून भांडी बडवल्याचा दणदणाट येत होता. रत्नागिरीकडे हळदीच्या गाण्यांना बायका थाळे वाजवतात, तेवढंच तिला ठाऊक. तिला वाटलं, व्याही नूरुद्दीनभाई परवा लेकीची ओटी भरायला इथं दुबईला निघायचे, म्हणून इस्तंबूलला शेजारीपाजारी जमले असतील. एलिफला आई नव्हती. सातव्या महिन्यात माहेरचा पहिला हात बापाचाच लागायचा होता, आणि त्यासाठी नूरजहाँनं मीना बाजार पालथा घालून हिरवी साडी आणली होती.

"आनंद नाही अम्मी, निषेध आहे," रिझवान हळूच म्हणाला. "संडेला त्यांच्याकडे सार्वमत झालं ना. प्रेसिडेंटला जास्त पॉवर द्यायची की नाही. 'हो'वाले जिंकले, पण अगदी काठावर. आणि बऱ्याच मतपत्रिकांवर अधिकाऱ्याचा शिक्काच नव्हता. त्यासुद्धा मोजल्या. लोकांनी तक्रार केली, ती आज फेटाळली."

तुर्की कंपनीत इतकी वर्षं काढल्यामुळे त्याला ती भाषा येत होती. एलिफ पलंगावर पोट सावरून बसली होती, समोर उशीला टेकवलेला फोन. त्यात तिचे वडील, निवृत्त शाळामास्तर. त्यांच्यामागे उघडी खिडकी, खिडकीबाहेर गॅलरी, आणि गॅलरीत तिचा भाऊ. आपल्याच घरातलं पातेलं घेऊन बडवणारा. बापानं 'हो' दिलेलं, लेकानं 'नाही', आणि लेकीनं इथल्या दूतावासात जाऊन 'नाही'. एका छपराखाली राहून गेले तीन दिवस बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

एलिफनं काहीतरी विचारलं. रिझवान आईच्या कानाशी लागला. "म्हणतेय, बाबा, तुम्हीसुद्धा मतदानाच्या टेबलावर कामाला होतात. तुमच्या पेटीत होती का अशी मतं?"

म्हातारा खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? पण आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेलं, ते ऐन वेळी आडवं आलं.

"होती," ते म्हणाले. "सकाळी रांग दाराबाहेर गेली होती. पहिल्या गठ्ठ्यावर शिक्का मारायचा माझ्याकडूनच राहिला. मोजायच्या वेळी वरून निरोप आला, चालतील, मोजा. मी मोजली."

"मोजायची नव्हती."

"चूक माझी होती, पोरी. माणसं खरी होती. काठ्या टेकत आलेली. त्यांना काय सांगू, मास्तर विसरला म्हणून तुमचं मत गेलं?"

"मतदान चालू असताना नियम बदलत नसतात, बाबा. तुम्हीच सांगायचात ना? खेळ सुरू झाल्यावर रेघ पुसायची नाही म्हणून."

रिझवान सांगत होता आणि नूरजहाँला दोघांचंही पटत होतं. तिचा जीव त्यानंच घाबरा झाला. एक जण तरी खोटा असता, तर त्याला चार शब्द सुनावून भांडण मिटवता आलं असतं.

मास्तर जरा पुढे सरकले. "तुझा भाऊ पहाटेच येऊन उभा होता. सगळ्यांच्या आधी. त्याचं 'नाही' त्याच गठ्ठ्यात होतं. तेही फेकून द्यायला हवं होतं मी?"

"हो," एलिफ म्हणाली. "सगळी फेकायची होती."

ती तशीच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भाताचं मोठं पातेलं आणि डाव घेऊन गॅलरीकडे निघाली. रिझवान धावला. "एलिफ, नो! इथं नाही. खालच्यानं पोलिसांना एक फोन केला ना, की व्हिसा खलास!" डाव त्यानं काढून घेतला. पातेलं तिनं सोडलं नाही. पोटाशी धरून ती परत येऊन बसली.

"परवा बोलू आपण," मास्तर म्हणत होते. "मी तिथं आलो की समोरासमोर बोलू."

एलिफ दोनच शब्द बोलली. रिझवाननं ते सांगितले नाहीत. गरजच पडली नाही. म्हाताऱ्याचा चेहरा बघून नूरजहाँनं ओळखलं. येऊ नका. दुसरं काय असणार?

तिनं झटकन फोन उचलला. आतापर्यंत व्याह्यांशी तिचं बोलणं सलामापलीकडे कधी गेलं नव्हतं. "भाईजान," ती म्हणाली, "आप आओ. जरूर आओ. ये बच्ची है, गुस्से में बोली. माहेरके हात के बिना ओटी कैसी भरनी?"

मास्तरांना हिंदी कुठलं कळायला? त्यांनी कानामागे हात धरला. त्यांना वाटलं असावं, बाहेरच्या आवाजामुळे ऐकू येत नाही. त्यांनी बोट वर केलं, थांबा म्हणून. गुडघ्यावर हात देऊन उठले, खिडकीपाशी गेले आणि ती ओढून लावून घेतली.

दणदणाट एकदम थांबला. ते परत आले, खुर्चीवर बसले, कान फोनजवळ आणला आणि वाट बघू लागले. त्यांच्यामागे, बंद काचेपलीकडे, मुलाचा हात वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता. आवाज काहीच येत नव्हता.