चार मीटरच्या लाटा

“चार मीटर,” कप्तान पडद्यावरून म्हणाले. “लाटा चांगल्या चार मीटरच्या आहेत. जहाज निम्म्या वेगानेच न्यावं लागणार.” आणि फोन बंद.

लाटाबाईने समोरच्या नकाशाकडे पाहिलं. उपग्रह त्याच समुद्रावरून नुकताच गेला होता आणि त्याच्या मते लाट मीटरभरसुद्धा नव्हती. सगळा पट्टा निळाशार, शांत. पोरांना पोहायला न्यावं, असा.

जहाज कंपनीच्या ऑफिसात तिचं काम एवढंच. उपग्रहाने मोजलेल्या लाटा बघायच्या आणि जहाजांना सांगायचं, इकडून जा, तिकडे फिरकू नका. म्हणून सगळे तिला लाटाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते आवडे. पण साहेबांचा उपग्रहावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी अट घातली होती. या एका फेरीत जहाजावरून डोळ्यांनी पाहिलेली लाट आणि उपग्रहाने मोजलेली लाट जुळली, तर लाटाबाईचं टेबल राहील. नाही जुळली, तर टेबल बंद आणि लाटाबाई आवक-जावक विभागात.

साहेब तिच्या खुर्चीमागेच उभे होते. “तुझा आकाशातला डबा खरा, आणि जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाचे डोळे खोटे?” ते म्हणाले. “त्यातून तो माणूस तुझा बाप. घरचं भांडण घरी मिटवा. संध्याकाळपर्यंत आकडे जुळले नाहीत, तर टेबल आवरायला घे.” आणि तरातरा आपल्या खोलीत गेले.

हीच तर पंचाईत होती. कप्तान तिचे बाबा, आणि निवृत्तीआधीची ही त्यांची शेवटची फेरी. एरवी बाबा थापा मारण्यात कुणाला हार जाणारे नव्हते, पण समुद्राबद्दल त्यांनी कधी खोटा शब्द काढला नव्हता. तिने दुसऱ्या उपग्रहाचा आकडा काढला. तोही मीटरभरच. शेजारून जाणाऱ्या जहाजाला विचारलं. तिथल्या अधिकाऱ्याने कळवलं की ते लोक डेकवर पत्त्यांचा बंगला बांधतायत आणि दुसरा मजला चढलाय.

तिने बाबांना पुन्हा फोन लावला. बाबा पडद्यावर आले ते खुर्चीत डावीकडून उजवीकडे झुलतच.

“बघ, बघ कसं हलतंय जहाज,” ते म्हणाले आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

मागे खुंटीवर त्यांची टोपी टांगलेली होती. ती ढिम्म. टेबलावर चहाचा कप होता, त्यांच्या सवयीप्रमाणे काठोकाठ भरलेला. चहावर साय धरली होती आणि सायीला सुरकुती पडलेली नव्हती.

“बाबा, तुम्ही हलताय,” ती म्हणाली. “चहा का हलत नाहीये?”

बाबा झुलायचे थांबले. कप शत्रूला जाऊन मिळाला असावा, तसे त्याच्याकडे बघत राहिले. मग उठून केबिनचं दार लावून आले.

“आईला सांगू नकोस,” ते म्हणाले. “मला घरी यायची भीती वाटते गं. इतक्या वर्षांत सलग दोन महिने कधी घरात टिकलो नाही. पंखा कुठल्या बटणाने लागतो ते मला अजून कळलेलं नाही, दर वेळी दिवाच लागतो. इथे मी खाकरलो तरी चार माणसं धावत येतात. तिथे मी बसायचं कुठे? म्हटलं, हळूहळू गेलो तर तेवढेच दोन दिवस जास्त मिळतील.”

“त्या दोन दिवसांपायी माझं टेबल जातंय.” तिने साहेबांची अट सांगितली.

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. “हे आधी नाही का सांगायचं?”

“बापाचा वशिला लावला म्हणाले असते लोक.”

समोर एवढा मोठा कप्तान मान खाली घालून बसलेला बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला.

“बाबा, वेड्यासारखं काय करताय? आईने तुम्ही येणार म्हणून घर डोक्यावर घेतलंय. सकाळ-संध्याकाळ मला फोन करून विचारते, जहाज कुठवर आलं.”

“खरंच विचारते?”

“आज दुपारीसुद्धा विचारलं.”

बाबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर नीट बसवली. “लिहून घे. लाट मीटरभर. जहाज पूर्ण वेगात. आधीचे आकडे माझी चूक, तसं मी साहेबांना स्वतः कळवतो.”

त्यांनी कळवलं. साहेबांनी ते वाचलं, एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा लाटाबाईकडे. आवक-जावकचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी ती दोन-दोन पायऱ्या चढत घरी पोचली. आई स्टुलावर उभी राहून बाबांच्या कपाटातून गठ्ठे ओढत होती. कपाट नावालाच बाबांचं. आत सगळे आईच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांचे कपडे. पलंगाच्या बाबांच्या बाजूला कापडाचे तागे, जेवणाच्या टेबलाशी बाबांच्या जागेवर शिलाई मशीन.

“आई, बाबा परवा सकाळीच पोचतायत,” ती म्हणाली. “पूर्ण वेगात निघालेत.”

आई खाली उतरली आणि त्याच स्टुलावर मटकन बसली.

“परवा?” ती म्हणाली. “रोज तुला विचारत होते ते काय उगाच? वाटायचं, आज तरी म्हणशील, अडकलंय कुठेतरी. अगं, पाहुणा असता तर चार दिवस गोडधोड घालून बोळवला असता. हे आता जायचेच नाहीत. मला नवऱ्याची सवय नाही गं.”

मग तिने मुलीचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

“तू एवढी लाटांची मालकीण. त्यांच्या वाटेत एखादी मोठीशी लाट नाही का दाखवता येणार?”