पैकीच्या पैकी

सरांनी डबा कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला, वर जुनं वर्तमानपत्र दाबलं आणि आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. मग ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले आणि नेहमीसारखे काचेकडे पाठ करून बसले. आठवड्यातून दोनदा, डब्याच्या दिवशी, ते याच खुर्चीवर बसून आमलेट-पाव मागवत. आमलेट झकास असे. पण चोरीच्या मालासारखं घशाखाली उतरे.

डबा घरासमोरच्या बाईंचा. बाई परमुलखातल्या, एकट्या राहणाऱ्या, कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सर खवय्ये आहेत, ही गोष्ट त्यांना गल्लीत येताच कळली. गल्लीत पाच-सहा देशांची माणसं राहत, आणि सगळ्यांची हॉटेलं, बेकऱ्या, वाणसामानाची दुकानं सरांना तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात, बाईंनी तांदूळ भरलेल्या ढोबळ्या मिरच्या पाठवल्या. सरांनी मोठ्या उत्सुकतेने घास घेतला आणि धावत मोरी गाठली. मीठच मीठ. समुद्राचं पाणी परवडलं. पण नव्या शेजारणीला तोंडावर कसं सांगायचं? त्यांच्या देशात असंच खात असतील, अशी सरांनी मनाची समजूत घातली. संध्याकाळी बाईंनी दारात उभं राहून विचारलं, "मीठ कसं होतं?"

"अगदी बरोबर," सर म्हणाले.

तिथेच पाऊल घसरलं. त्यानंतर डबे येतच राहिले आणि बाई दर वेळी विचारत राहिल्या. मीठ कसं, आंबट किती, तिखट लागलं का, कुठे करपल्याचा वास आला का. बिचारीला कौतुकाची भूक असेल, असं सरांना वाटे. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. पेपर नीट वाचल्याशिवाय कुणाला अर्धा मार्क दिला नव्हता. सख्ख्या भाच्याला नापास करून बहिणीचा वर्षभराचा अबोला पत्करला होता. आता तेच सर डबा न उघडता पैकीच्या पैकी देत होते. खोटं खरं वाटावं म्हणून कधीमधी अर्धा मार्क कापतही. "आंबट जरा कमी पडलं," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलावली होती. ती मान सरांच्या डोळ्यांपुढून जात नसे.

आज हॉटेलमालक स्वतः चहा घेऊन आला.

"सर, तुमच्यामुळे माझ्या पोटावर पाय येणार बघा."

"मी काय केलं रे?"

"शेजारचा गाळा तुमच्या समोरच्या बाईंनी घेतला. खाणावळ काढतायत. रविवारी उघडणार. नोकरी सोडली, होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. मी म्हटलं, बाई, नीट विचार केलात का? तर म्हणाल्या, सर दोन वर्षं माझ्या हातचं खातायत. सर बरोबर म्हणतात म्हणजे बरोबर." मालक हसला. "तुमची मजा आहे. जावयासारखे दोन्हीकडे जेवाल."

सरांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. चहा तसाच टाकून ते उठले.

शेजारचं शटर अर्धं वर होतं. आत ओल्या रंगाचा वास, सहा टेबलं, तीन तऱ्हेच्या खुर्च्या. मागे पातेल्यात वाटाण्याचं दाट सूप रटरटत होतं. बाई टेबल पुसत होत्या.

"गुपित फोडलं का कुणी?" त्या हसून म्हणाल्या. "मी रविवारीच सांगणार होते. पहिलं ताट तुमचं."

'छान झालं' एवढं म्हणून घरी जाता आलं असतं. पण रविवारी लोक याच टेबलांवर पहिला घास घेणार, आणि बाई समोर उभ्या असणार. मुलाची चूक निकालाच्या आधी दाखवायची असते, निकाल लागल्यावर नाही. हे सरांनीच कितीतरी नव्या शिक्षकांना सांगितलं होतं.

"बाई, बसा जरा. मी तुमचा डबा खात नाही. पहिल्या दिवशी एक घास खाल्ला, तेवढाच. बाकीचे सगळे टाकून दिले. आजचासुद्धा."

फडकं थांबलं. "का?"

"फार खारट होतं. मला वाटलं, तुमच्या देशात असंच खातात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

बोलून टाकल्यावर सरांना जरा हलकं वाटलं. बाई रागावतील, एखादा दिवस बोलणार नाहीत, मीठ कमी घालायला लागतील. अजून चार दिवस हातात होते. सरांनी पातेल्यातलं सूप चमच्यात घेतलं, आधी स्वतः चाखलं. तोंड वाकडं झालं. मग त्यांनी दुसरा चमचा भरून, फुंकर मारून बाईंपुढे धरला.

"हे बघा. तुम्हालाच कळेल."

बाईंनी सूप तोंडात घेतलं. हळूहळू गिळलं. मग त्या सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू उत्तर तिथेच लिहिलेलं असावं.

"आमच्या देशात मीठ तुमच्याहून कमीच खातात," त्या म्हणाल्या. "इकडे यायच्या आधी मला मोठा ताप आला होता, सर. तेव्हापासून चव नाही, वास नाही. जिभेला काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारायचे."