पाडव्याचं तेल

आतल्या खोलीतून दोघं बाहेर आली, तेव्हा पिशवी, फाईल आणि पाण्याची बाटली बायकोच्या हातात होती. नवरा मोकळ्या हातांनी पुढे चालला होता.

बाहेर नंबराची वाट बघत बसलेल्या नम्रताला ते खटकलं. “काका, पिशवी तरी घ्या त्यांच्याकडची.”

“नाही उचलत ते,” काकूच म्हणाल्या. “पाच वर्षं झाली. मला सवय झालीय.”

स्तनतपासणी केंद्राच्या भिंतीवर पाटी होती : ‘पुरुषांनी बाहेर बसावे.’ नम्रताने पाटीकडे पाहिलं, मग काकांकडे.

“वाचता येतं मला,” काका म्हणाले आणि पंख्याखालची खुर्ची पकडून बसले.

नोव्हेंबर होता. खडकीत सकाळी चांगलाच गारठा असतो. काकांनी दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीच्या काळातला तपकिरी स्वेटर घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. आणि ते घाम पुसत होते.

“गरम होतंय तर स्वेटर काढा ना.”

“असू दे.”

बायकोच्या काळजीने घामाघूम होतील, पण पिशवी उचलणार नाहीत, असं नम्रताच्या मनात आलं.

काकू तिच्या शेजारी टेकल्या. मांडीवरच्या फाईलवर नाव होतं : रतन ढमढेरे, वय ६८. फाईलचे कोपरे झिजून मऊ झाले होते.

“फोटो झाला?” नम्रताने विचारलं.

“झाला. डॉक्टर बघतायत. नीट आला नसेल तर पुन्हा काढतात, म्हणून थांबायला सांगितलंय. आज पाच वर्षं पूर्ण झाली. स्वच्छ निघाला तर रोजची गोळी बंद. नाही निघाला तर सगळं पहिल्यापासून.” त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच लावलं. “तुमचा नंबर कितवा?”

“सहावा. पण मी निघतेय. वाघोलीला परत जायचंय, बाराला मीटिंग आहे. कंपनीने कूपन दिलं म्हणून आले. मला तसा काही त्रास नाहीये. रीशेड्यूल करते.”

“वय?”

“त्रेचाळीस.”

काकू तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “माझी मावशी होती, मुक्ताई. तिलाही काही त्रास नव्हता. गाठ दुखत नव्हती ना! दोन वर्षं पदराआड ठेवली तिने. घरात चाळीस माणसांचा स्वयंपाक करायची, पण कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. ‘तो रोग’ म्हणायचे. ती गेल्यावर न्हाऊ घालताना बायकांना कळलं. मी बारा वर्षांची होते, पाणी आणून देत होते.”

नम्रताने मोबाइल उलटा ठेवला.

“म्हणून आमच्या वसाहतीतलं शिबिर मी कधी चुकवलं नाही. दरवर्षी ऑक्टोबरात असायचं. तिथल्या बाईंनी शिकवलं होतं, तीन बोटं जुळवायची आणि हळूहळू गोल फिरवत जायचं. घाई करायची नाही.”

“आणि शिबिरात सापडली?”

“छे. शिबिरातनं सगळं ठीक म्हणून घरी आले. मग दिवाळीत लागली हाताला. पाडव्याला, तेल लावताना. वाटाण्याएवढी. बोटांना सवय होती म्हणून कळलं.”

“बापरे. मग लगेच आलात?”

“कसलं लगेच! यांचं म्हणणं, तुळशीचं लग्न होऊ दे. मग म्हणे, लोक काय म्हणतील. वसाहतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणे.”

“म्हटलं होतं मी तसं,” काका पंख्याकडे बघत म्हणाले. “ते सगळ्यांना सांगायलाच हवं का?”

“हवं. पण मी ऐकलं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात होतो आम्ही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. असंच पुढे ढकलत बसला असतात तर पुढचं सांगता आलं नसतं.”

“लोक काही म्हणाले?”

“म्हणाले ना. हसलेसुद्धा. हसणाऱ्यांना काय, अजून हसतायत. आम्ही दोघं आहोत ना अजून.”

काकांनी पुन्हा कपाळ पुसलं. काकूंनी पदराच्या टोकाने त्यांच्या मानेवरचा घाम टिपला. नम्रताला वाटलं, या बाईंनी आजच्या दिवशी तरी स्वतःकडे बघावं.

तिने ऑफिसला निरोप टाकला, ‘उशीर होईल’, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून दिला.

आतलं दार उघडलं. सिस्टर कागद घेऊन बाहेर आल्या.

“ढमढेरे!”

दोघंही उठली. काकूंच्या हातातली बाटली खाली पडून खुर्चीखाली घरंगळत गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, गोळी आजपासून बंद.”

काकू खाली बसल्या. नम्रताने त्यांचा हात हातात घेतला. तीन बोटं गार पडली होती.

“अभिनंदन, काकू!”

सिस्टर हसल्या आणि पंख्याखाली उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या.

“रतनकाका, आता काढा तो स्वेटर. आतला गुलाबी गाऊन आमचा आहे, तो परत द्या.”