सासऱ्यांचा बाक

धर्माजींनी निर्मळ गावच्या रस्त्यासाठी आपल्या वाडीतली जमिनीची पट्टी दिली, पुत्र काशिनाथांनी वाटसरूंसाठी विहीर बांधली, आणि नातू हरिश्चंद्रांनी दारापुढे आपल्या नावाचा दगडी बाक बसवला. त्या हरिश्चंद्रांची सून सुभद्राबाई. दारासमोर बसथांबा होणार असे कळताच त्यांनी अर्ज ठोकला, "आमच्याकडे दोन मोटारी आहेत. परक्यांची वर्दळ दारात नको!" थांबा वळणापलीकडे गेला. बाकही त्यांनी उखडून फेकला.

यंदा दोन्ही मुलगे मोटारींसह ठाण्याला राहायला गेले. गुडघा दाखवण्यासाठी दवाखान्यात निघालेल्या सुभद्राबाई भर उन्हात, धापा टाकीत थांब्यावर पोहोचल्या. फुलांची टोपली घेऊन तिथे बसलेली बायजा उठून उभी राहिली.

"बसा, वहिनीबाई. बस यायला पाऊण तास हाय. तुम्ही फेकलेला बाक आम्हीच आणून हितं ठेवला." तिने हरिश्चंद्रांच्या नावावरची धूळ पदराने झटकली. सुभद्राबाई खाली मान घालून बाकावर टेकल्या.

 

"माझ्या आयेला नववा लागलेला, तवा तुमच्या सासऱ्यांनी स्वतः उठून तिला यावर बसवलेलं. आज फिटलं बघा."