सोपं बटण

"त्या 'नंतर बघू'ला सोपं बटण द्या, मालतीबाई. तेच सारखं लागतंय मला," चनबसप्पाशेठ म्हणाले.

हापिसातल्या कारकून मालतीबाई शेठच्या कॉम्प्युटरपुढे, त्यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि शेठ मागे चहा घेत उभे होते. शनिवार, सुटायची वेळ झालेली. अक्कलकोट रोडवरच्या या टॉवेल कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक मेलला रंग लावायची पद्धत शेठनी पाडली होती. ऑर्डर हिरवी, तक्रार तांबडी, सुताचे भाव निळे आणि 'नंतर बघू' करडं. माउस फिरवून फिरवून मनगट दुखतंय, म्हणून आता प्रत्येक रंगाला एकेक बटण हवं होतं. मालतीबाईंचं मनगट दुखायला लागून वर्षं झाली होती, पण त्याची चौकशी कोण करतो!

बोलावणं आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, रजेचंच असेल. रजा तोंडी मागायची नाही, मेल टाकायचा, हा इथला नियम. शेठ समोर बसलेले असले तरी मेलच. त्यांनी तो मंगळवारीच टाकला होता. लेकीचं, श्रावणीचं पहिलं बाळंतपण. माहेरी करायची रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा आता माहेरालाच सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचं होतं.

"कंट्रोल दाबून धरायचं आणि एफ-दोन. हे तुमचं 'नंतर बघू'," मालतीबाई म्हणाल्या. "एफ-तीन ऑर्डर. एफ-चार तक्रार."

"एक दाबून बघू द्या की."

त्यांनी यादी खाली सरकवली आणि स्वतःच्याच मेलवर थांबवली. विषय : रजेबाबत. त्याला अजून कुठलाच रंग नव्हता, तो उघडलेलाही नव्हता. "यावर बघा, शेठ," म्हणून त्या उठल्या. मुद्दामच थांबवला होता.

शेठ बसले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला. विषय वाचताना त्यांचे ओठ हलले, म्हणजे वाचला हे नक्की. मग त्यांनी कंट्रोल धरलं आणि एफ-दोन दाबलं. ओळीपुढे करडा चौकोन उमटला.

"आयला, लई बेष्ट!" शेठ खूश झाले. "आधी किती टाइम जायचा. आता बोट ठेवलं की झालं!"

मालतीबाई त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते. वाईट मात्र वाटलं. फार वाईट वाटलं.

"आता हापिसातल्या सगळ्याच कॉम्प्युटरवर असं करून टाका," शेठ म्हणाले. "सोमवारी सकाळीच बसा. जमतंय न्हवं?"

मालतीबाईंनी चष्म्याची डबी पर्समध्ये टाकली. जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली. दारापाशी जाऊन वळल्या.

"नंतर बघू, शेठ."

शेठचं बोट एफ-दोनवरच राहिलं.